उकार हरवले त्या रात्रीचा घटनाक्रम

जिल्ह्याच्या गावातलं एक जुनं सार्वजनिक ग्रंथालय आहे. नाव सांगत नाही, कारण असं कुठेही होऊ शकलं असतं. एका रविवारी दुपारी १२ वाजता त्याच्या ग्रंथसूचीची शेवटची शाबूत प्रत नाहीशी झाली. त्याआधीच्या पंधरा तासांत काय घडलं ते मी नंतर सर्व्हरचे लॉग, टाइप केलेल्या कमांड आणि फोनच्या वेळा यांवरून जुळवलं. आग लागली नव्हती, कुणी हॅक केलं नव्हतं, डिस्क बिघडली नव्हती. अक्षरं बाइटमध्ये लिहिण्याच्या पद्धतीची, म्हणजे कॅरॅक्टर एन्कोडिंगची, एक सेटिंग चुकीची होती आणि ती बरीच वर्षं चुकीची होती. त्या पंधरा तासांत कधीही सगळं पूर्ववत करता आलं असतं. म्हणूनच हे तासातासाने सांगावंसं वाटतं.

शनिवार, रात्री ९. पंधरा तास बाकी.

सूचीत लाखाच्या घरात नोंदी होत्या. मूळ यादी श्रीलिपीत टाइप केलेली होती. ग्रंथपाल मॅडमनी दोन मदतनिसांना घेऊन ती युनिकोडमध्ये आणली आणि एकेक पुस्तक हातात घेऊन नोंद तपासली. वेबसाइट जुन्या पीएचपीत लिहिलेली आणि माहिती मायएसक्यूएलच्या डेटाबेसमध्ये. सभासद घरबसल्या शोध घेत, पुस्तक राखून ठेवत. सगळं व्यवस्थित चाललेलं होतं, निदान पडद्यावर तरी.

आत काय चाललं होतं ते नीट पाहायला हवं. युटीएफ-८ या पद्धतीत ‘म’ हे अक्षर तीन बाइटमध्ये मावतं: २२४, १६४, १७४. देवनागरीतल्या कुठल्याही चिन्हाचा पहिला बाइट २२४ असतो आणि दुसरा १६४ किंवा १६५. खरी ओळख तिसऱ्या बाइटमध्ये. ब्राउझर हे तीन बाइट पाठवत होता, पीएचपी ते पुढे डेटाबेसकडे देत होतं. पण जोडणी करताना ‘मी युटीएफ-८ बोलतोय’ असं डेटाबेसला कुणी सांगितलंच नव्हतं. न सांगितलं तर जुनं मायएसक्यूएल लॅटिन-१ धरून चालतं. ती पश्चिम युरोपी भाषांची पद्धत, एका बाइटला एक अक्षर. त्यामुळे डेटाबेसच्या लेखी ‘म’ हे एक अक्षर नव्हतं, तीन परकी अक्षरं होती. त्याने ती तशीच ठेवली आणि मागितल्यावर तशीच परत दिली. ब्राउझरने तेच तीन बाइट युटीएफ-८ म्हणून वाचले आणि पुन्हा ‘म’ दाखवला. मोडी न येणाऱ्या कारकुनाने मोडी पत्र रेघ न् रेघ गिरवून द्यावं, तसं हे होतं. जाताना एक चूक, येताना तीच चूक उलटी, आणि वाचणाऱ्याला मजकूर शुद्ध.

मायएसक्यूएल मुळात स्वीडनमधल्या कंपनीचं, त्यामुळे त्याचा मूळचा वर्णक्रमही स्वीडिश. आपल्या तुकारामांची आणि ज्ञानेश्वरांची यादी इतकी वर्षं स्वीडिश क्रमाने लागत होती हे त्या ग्रंथालयात कुणाला माहीत असण्याचं कारण नव्हतं.

एक खूण मात्र समोर होती. शीर्षकाचा रकाना २५५ अक्षरांचा. डेटाबेस प्रत्येक बाइट एक अक्षर म्हणून मोजत होता, त्यामुळे देवनागरीची फक्त ८५ चिन्हं मावत. जुन्या ग्रंथांची लांबलचक शीर्षकं मधेच तुटत. त्यात मोकळ्या जागाही असतात आणि त्या एकेका बाइटच्या, त्यामुळे तोड कधीकधी अक्षराच्या पोटातूनच पडे आणि शेवटी काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह दिसे. मॅडमनी ते दोनदा कळवलं होतं. ‘शीर्षक छोटं करा’ असं उत्तर मिळालं. माझ्या मते अनर्थाची खरी सुरुवात तिथे आहे, शनिवारी रात्री नाही.

त्या रात्री काम एवढंच होतं: जुना सर्व्हर सोडून नव्यावर जायचं. जुन्याचा करार रविवारी दुपारी १२ वाजता संपत होता आणि त्यानंतर त्याची डिस्क आपोआप पुसली जाणार होती. काम एका तरुण प्रोग्रॅमरकडे होतं. हुशार आणि कष्टाळू मुलगा. मानधन जेमतेम.

रात्री ९:४०. सव्वाचौदा तास बाकी.

त्याने जुन्या डेटाबेसचा डंप काढला. वेगळं काही सांगितलं नाही तर मायएसक्यूएलचं डंप काढणारं साधन मजकूर युटीएफ-८ मध्ये बदलून देतं. इथे ते तीन परक्या अक्षरांना तीन परकी अक्षरंच समजलं आणि त्या प्रत्येकाचं युटीएफ-८ केलं. ‘म’चे तीन बाइट सहा झाले. यालाच दुहेरी एन्कोडिंग म्हणतात. वाटेत त्याने आणखी एक बदल केला. टेबलांच्या व्याख्येत जिथे लॅटिन-१ होतं तिथे युटीएफ-८ एमबी-४ घातलं. नव्या मायएसक्यूएल ८ मध्ये तीच मूळची सेटिंग असते, म्हणजे दिशा बरोबर होती. पण त्याने टेबलावरची पाटी बदलली, आतला माल तसाच राहिला.

जागा कमी म्हणून त्याने डंपची फाईल कुठे ठेवली नाही. जुन्या सर्व्हरवरून नव्यावर थेट पाइप लावला. काही मिनिटांत काम झालं, एकही त्रुटी आली नाही.

डंप काढताना ‘मूळची पद्धत लॅटिन-१’ एवढा एक पर्याय दिला असता, तर बाइट जसेच्या तसे बाहेर आले असते. मग आत घेताना ‘हे युटीएफ-८ आहे’ असं सांगितलं की प्रश्न कायमचा मिटला असता.

रात्री ११. तेरा तास बाकी.

नवी साइट उघडली आणि मराठीच्या जागी ती ओळखीची वेल दिसली: डोक्यावर तिरपी रेघ असलेला रोमन ‘ए’, त्यामागे चार कोपऱ्यांना काटे फुटलेलं वर्तुळ, मग आणखी काहीतरी, आणि पुन्हा तोच ‘ए’. २२४ आणि १६४ हे बाइट लॅटिन-१ मध्ये असेच दिसतात. मराठी वाचणाऱ्या प्रत्येकाने हे कधी ना कधी पाहिलेलं आहे.

पुढचा तास-सव्वातास त्याने ब्राउझरच्या बाजूला घालवला. पानाच्या डोक्यावर एन्कोडिंगचा मेटा टॅग आहे का? होता. पहिल्या १०२४ बाइटच्या आत आहे का? तोही होता. सर्व्हरच्या हेडरमध्ये युटीएफ-८ लिहिलंय का? लिहिलेलं होतं, आणि दोन्हींत तफावत असली तर ब्राउझर हेडरचंच ऐकतो. पीएचपीच्या फाईली त्याने पुन्हा युटीएफ-८ मध्ये सेव्ह केल्या. हे सगळं आधीपासून बरोबर होतं. बिघाड पडद्यावर दिसत होता, म्हणून तो पडद्यापाशीच शोधला गेला. डेटाबेसमध्ये एकाच शब्दाचे बाइट मोजले असते तर तीनच्या जागी सहा लगेच दिसले असते.

रात्री १२:२०. पावणेबारा तास बाकी.

आता त्याने जोडणीची सेटिंग बदलून लॅटिन-१ केली आणि पानावर मराठी आली. दुहेरी एन्कोडिंगचा वरचा थर डेटाबेसने बाहेर पडताना उतरवला, खाली मूळचे बाइट शाबूत होते. इथे थांबला असता तर ग्रंथालयाचं काही बिघडलं नसतं. साइट आणखी काही वर्षं चुकीच्या पायावर चालली असती, एवढंच.

तो थांबला नाही आणि त्यात त्याचं चुकलं असं मला वाटत नाही. त्याने स्वतःसाठी टिपून ठेवलं होतं: ‘दिसतंय, पण असं ठेवायचं नाही.’ डेटाबेसमध्ये खरी देवनागरी असावी, क्रम मराठीचा लागावा, लांब शीर्षकं तुटू नयेत, ही इच्छा रास्तच होती. आणि ते करण्याचा एका ओळीचा उपायही आहे. मायएसक्यूएललाच सांगायचं, हा रकाना लॅटिन-१ कर, मग नुसते बाइट समज, मग तेच बाइट युटीएफ-८ म्हणून वाच. तीन पायऱ्या, एक आज्ञा. आधी टेबलाची प्रत काढून ठेवली की भीती नाही.

रात्री १:३०. साडेदहा तास बाकी.

ती आज्ञा त्याला ठाऊक नव्हती, पायथन येत होतं. त्याने दहा-बारा ओळींची स्क्रिप्ट लिहिली. प्रत्येक नोंद वाचायची, परकी अक्षरं पुन्हा बाइटमध्ये बदलायची, ते बाइट युटीएफ-८ म्हणून वाचायचे आणि नोंद जागेवर परत लिहायची. तर्क अगदी बरोबर होता.

परत बाइट करताना कुठली पद्धत वापरायची, एवढाच प्रश्न होता. मायएसक्यूएल ज्याला लॅटिन-१ म्हणतं ती प्रत्यक्षात विंडोज-१२५२ ही मायक्रोसॉफ्टची पद्धत आहे, आणि त्याला ते समजलं होतं. पण विंडोज-१२५२ मध्ये पाच जागा रिकाम्या आहेत: १२९, १४१, १४३, १४४ आणि १५७. त्या बाइटना तिथे अक्षरच नेमलेलं नाही. मायएसक्यूएल या पाच जागा स्वतःच्या सोयीने भरून घेतं, त्यामुळे त्याच्याकडे काही हरवत नाही. पायथन भरत नाही. रिकामी जागा आली की थांबतं आणि त्रुटी दाखवतं.

आता या पाच आकड्यांवर मराठीचं काय बसलंय ते पाहा. तिसरा बाइट १४१ म्हणजे हलन्त, अक्षराचा पाय मोडणारं चिन्ह, ज्याच्याशिवाय एकही जोडाक्षर होत नाही. १२९ म्हणजे ऱ्हस्व उकार, आणि चंद्रबिंदूही. १४३ म्हणजे ‘ए’, १४४ म्हणजे ‘ऐ’, १५७ म्हणजे ‘झ’.

स्क्रिप्ट पहिल्याच नोंदीवर अडली. पायथनने स्पष्ट लिहिलं की अमुक ठिकाणचं चिन्ह या पद्धतीत बसत नाही. त्या पंधरा तासांत यंत्राने मारलेली ही एकमेव हाक होती. १:५२ ला त्याने स्क्रिप्टमध्ये एक शब्द वाढवला: इग्नोर. जे बसत नाही ते सोडून पुढे जा. आणि युटीएफ-८ वाचतानाही तोच शब्द, म्हणजे अर्धवट उरलेले बाइटही गुपचूप टाकून द्या. मग स्क्रिप्ट कुठेही न अडता शेवटपर्यंत गेली. लाखभर नोंदींतून प्रत्येक हलन्त, प्रत्येक ऱ्हस्व उकार, प्रत्येक ए, ऐ आणि झ निघून गेला.

मी गेली अनेक वर्षं हेच काम करतो आणि हा शब्द किती ठिकाणी पाहिला याची गणती नाही. रात्री दीड वाजता त्रुटी बंद करणारा शब्द सापडला की माणूस तो वापरतो. पण एन्कोडिंगच्या कामात यंत्र अडून बसलं तर त्याचे आभार मानायला हवेत, कारण एरवी ते तोंडातून शब्द काढत नाही.

रात्री २:१०. पावणेदहा तास बाकी.

जोडणीची सेटिंग परत युटीएफ-८ करून त्याने तपासणी केली. साइटवर ‘कादंबरी’ शोधली, पहिलं पान पाहिलं. लॉगमध्ये त्याने उघडलेल्या नोंदी दिसतात: बनगरवाडी, कोसला, ययाति, पानिपत, गारंबीचा बापू. ही पाचही शीर्षकं पुन्हा वाचा. एकातही जोडाक्षर नाही, ऱ्हस्व उकार नाही, ए, ऐ, झ नाही. बापूचा पू दीर्घ, आणि दीर्घ ऊकाराचा बाइट १३०, त्याला जागा आहे. ‘मराठी’, ‘कविता’, ‘नाटक’ हे शब्दही असेच सुखरूप. पाचही नोंदी निर्दोष दिसल्या. याहून वाईट योगायोग मला कल्पनेनेही रचता आला नसता.

२:४० ला, जुन्या साइटवर चुकून कुणी नवी नोंद करू नये म्हणून, त्याने जुना सर्व्हर बंद केला. चांगली सवय. ३ वाजता नव्या सर्व्हरवरचा रोजचा बॅकअप आपोआप चालला. एकच फाईल, एकच नाव, आधीची पुसून नवी. दुहेरी एन्कोडिंग झालेला, पण पूर्णपणे दुरुस्त होण्याजोगा, रात्री ११ ला त्याच नावाने घेतलेला बॅकअप त्याखाली गेला.

आता खरी प्रत एकच उरली होती, बंद असलेल्या जुन्या सर्व्हरच्या डिस्कवर.

रविवार, सकाळी ८:४५. सव्वातीन तास बाकी.

रविवारी सकाळी ग्रंथालयात गर्दी असते. एका आजोबांना तुकारामांची गाथा हवी होती. मॅडमनी ‘तुकाराम’ टाइप केलं, एकही नोंद आली नाही. ग्रंथालयात गाथेच्या किती प्रती आहेत हे त्यांना तोंडपाठ. त्यांनी नुसतं ‘गाथा’ टाकलं आणि यादी आली. वरची ओळ होती ‘तकाराम गाथा’. खाली ‘जञानेशवरी’. मग त्या नाटकांकडे गेल्या. ‘नटसमराट’. ‘कच पयाला’. तो ‘एकच प्याला’ होता, पहिलं अक्षरच गेलेलं. ‘झाडाझडती’ शोधून सापडेना. लेखकाच्या नावावरून गेल्या तेव्हा मिळाली: ‘ाडाडती’, सुरुवातीला आधार नसलेला काना.

सकाळी ९:२० चा फोन. दोघांनीही मला नंतर जवळजवळ सारखाच सांगितला.

‘अरे, तुकारामांचा उकार गेलाय.’

‘मॅडम, फॉन्ट लोड होत नसेल. कंट्रोल आणि एफ-५ एकदम दाबून बघा ना.’

‘दाबलं. मोबाइलवरही तसंच दिसतंय.’

‘मग कॅशे असेल. तासाभरात येईल नीट.’

‘जोडाक्षरं पण सगळी सुटी झालीत रे.’

‘जोडाक्षरं म्हणजे फॉन्टच, मॅडम. मी बघतो उठल्यावर.’

पहाटे तीनला झोपलेला मुलगा. फॉन्टचा संशयही अगदी वावगा नव्हता, जुन्या संगणकांवर जोडाक्षरं सुटी दिसायचीच. पण फॉन्ट बिघडला तर हलन्त सुटा दिसतो, नाहीसा होत नाही. आणि शोधाला फॉन्टशी काही देणंघेणं नसतं. ‘तुकाराम’ शोधून मिळत नाही याचा अर्थ डेटाबेसमध्येच तो नाही. मॅडमनी फोनवर पहिल्या वाक्यात नेमकं निदान केलं होतं. ते ऐकून घ्यायला हवं होतं, एवढंच मी त्या मुलालाही नंतर सांगितलं.

सकाळी ११:२०. चाळीस मिनिटं बाकी.

मॅडमनी पडद्याचे सात-आठ फोटो पाठवले. ११:४० ला त्याने ते पाहिले आणि थेट डेटाबेस उघडला. ११:४६ ला त्याच्या लॉगमध्ये पहिल्यांदाच बाइट दाखवणारी आज्ञा दिसते. आदल्या रात्री ११ ला द्यायची, ती. पाच-सहा नोंदींत त्याला सगळं कळलं.

जुना सर्व्हर पुन्हा सुरू करायचा तर होस्टिंगच्या पॅनेलमध्ये शिरावं लागणार होतं. खातं ग्रंथालयाच्या कार्यवाहांच्या नावावर, ओटीपी त्यांच्या मोबाइलवर. ११:५१ ला पहिला फोन, उचलला नाही. ते एका लग्नात होते, मंगलाष्टकं चालू होती. ११:५४. ११:५७. तिसऱ्यांदा त्यांनी घेतला, पण आवाजात आकडे ऐकू येईनात. ते मांडवाबाहेर आले तोवर आधीच्या ओटीपीची मुदत संपली होती, नवा मागवला.

दुपारी १२.

करार संपला, डिस्क पुसायला लागली. पॅनेलमध्ये तो १२:०२ ला शिरला. सर्व्हरच्या नावापुढे एक करडी पट्टी होती आणि सुरू करण्याचं बटण नव्हतं.

त्यानंतर.

मला फोन आला तेव्हा १२:२५ झाले होते. होस्टिंग कंपनीचं सोमवारी उत्तर आलं, पुसलेला डेटा परत मिळत नाही. मग आम्ही उरलेल्या मजकुराकडे वळलो. काही शब्द प्रोग्रॅमने भरता येतात. ‘पसतक’ला मराठीत ‘पुस्तक’ हा एकच पर्याय, ‘शयामची’ला ‘श्यामची’ हा एकच. पण ‘गण’ म्हणजे गण की गुण? ‘कल’ म्हणजे कल की कुल? ‘मळा’ म्हणजे मळा की मुळा? माणसांच्या आडनावांना तर शब्दकोशाचाही आधार नाही. ते सगळं ग्रंथालयाच्या दाखल नोंदवह्यांमधून, शाईने लिहिलेल्या, दाखल क्रमांकानुसार पुन्हा भरावं लागतंय. मॅडम, दोन निवृत्त शिक्षक आणि कॉलेजची काही मुलं दर रविवारी बसतात. तो प्रोग्रॅमरही येतो, न बोलावता.

त्याने आणि मी मिळून एक चाचणीची ओळ केली आहे: ‘ऐन झुंजीत एक ज्ञानी’. त्या पाचही रिकाम्या जागांवर बसणारी चिन्हं तीत आहेत. डेटाबेस हलवण्याआधी ही नोंद जुन्या बाजूला घालायची आणि हलवल्यावर नव्या बाजूला तिचे बाइट मोजायचे. पडद्यावर बघायचं नाही, मोजायचे. ५१ आले तर मजकूर शाबूत. १०३ आले तर दुहेरी एन्कोडिंग झालंय, घाबरायचं कारण नाही, थर उतरवता येतो. ३६ आले तर कुणीतरी इग्नोर लिहिलंय. १९ आले तर देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाच्या जागी प्रश्नचिन्ह बसलंय. ५१ सोडून कुठलाही आकडा आला, तर जुन्या सर्व्हरला हात लावायचा नाही आणि त्याचा करार महिनाभर वाढवून घ्यायचा.